झेनची चढलेली रेस उतरवताना

गाडी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. २००३ सालची मारुती झेन, ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं एमपीएफआय इंजिन. जानेवारीची सकाळ, जळगावात हवेत चांगलाच गारठा. मालकाची तक्रार एका वाक्यात होती, "भाऊ, क्लच सोडला की ॲक्सिलरेटरला पाय न लावता दुसऱ्या गिअरमध्ये वीसच्या स्पीडनं पळते." त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. प्लग नवे बसले होते, इंजेक्टर धुऊन झाले होते, आणि आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल असं सांगितलेलं. रेस, म्हणजे इंजिन फिरण्याचा वेग, मात्र जिथल्या तिथे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, नाहीतर पार्ट बदलत बसावं लागतं. पेट्रोल इंजिनाची रेस हवेवर ठरते. पाय पेडलवर नसताना रेस चढलेली असेल, तर कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. ती थ्रॉटलच्या पाकळीच्या, म्हणजे पेडलनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या, कडेनं जात असेल, पाय नसतानाची रेस (आयडल) सांभाळणाऱ्या आयडल व्हॉल्व्हमधून जात असेल, किंवा पाकळीच्या पुढे कुठल्या फाटक्या पाइपातून. झेनसारख्या मॅप सेन्सरवाल्या गाडीत ही हवा चोरीची राहतच नाही. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे पाकळीपासून सिलिंडरांपर्यंतच्या हवेच्या वाटेतला, दाब मोजतो. हवा फाटक्या पाइपातून आली तरी तिचा दाब त्याला दिसतो, ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत वेगळं घडतं. तिथे गळतीची हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी थरथरते, बंद पडते. म्हणून "लीक असतं तर गाडी बंद पडली असती" हा युक्तिवाद जुन्या मारुतीला लागू पडत नाही, आणि याच युक्तिवादावर दोन गॅरेजांनी लीक शोधणं सोडून दिलं होतं.

पहिलं काम म्हणजे आकडा मिळवणं. या झेनला मीटरवर आरपीएमचा काटा नाही. मल्टिमीटर हर्ट्झवर (सेकंदाला किती वेळा) ठेवून इंजेक्टरच्या सिग्नल वायरवर लावला. कनेक्टरच्या मागच्या बाजूनं टाचणी आत सरकवली. वायरचं आवरण टोचायचं नाही, तिथून ओल शिरते आणि वर्षभरात वायर आतून हिरवी पडून कुजते. इंजेक्टर दोन फेऱ्यांत एकदा उडत असेल तर हर्ट्झला १२० नं गुणायचं, दर फेरीला उडत असेल तर ६० नं. उत्तर कानाला पटतंय का ते पाहावं. दुप्पट किंवा निम्मं वाटलं तर गुणक चुकलाय. इथे १३.८ आलं, म्हणजे साधारण १६५० आरपीएम. गाडी नुकतीच रस्त्यावरून आलेली होती. पंचवीस मिनिटं उभी चालू ठेवली, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला, तेव्हा १२.९, म्हणजे १५५०. हा खरा आकडा. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी, दिवे, ब्लोअर सगळं बंद, या अवस्थेत मोजलेला आकडाच धरायचा. या वर्गातल्या गाड्यांचा गरम आयडल ८५० च्या आगेमागे असतो. नेमका आकडा बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर छापलेला असतो. तो सापडला नाही तर मॅन्युअलमध्ये बघावा, अंदाजानं ठरवू नये.

आकड्याइतकीच त्याची चाल महत्त्वाची. रेस वर-खाली हेलकावे घेत असेल तर ईसीयूला "पाय सुटलाय" हे कळतंय, पण हवा जास्त आहे म्हणून तो पेट्रोल तोडतो, रेस पडते, पुन्हा पेट्रोल देतो, पुन्हा चढते. इथे तसं नव्हतं. १५५० वर दगडासारखी स्थिर. म्हणजे एकतर ईसीयूला गाडी आयडलवर आहे हे माहीतच नाही, किंवा त्याच्या हातात असलेला आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही हवा उरतेय. पुढे दोन्ही खरं निघालं.

ॲक्सिलरेटर केबल. दोन मिनिटांचं काम, पण वगळायचं नाही. आधी पायाखालचं मॅट पेडलवर चढलं नाही ना ते पाहिलं. मग थ्रॉटलच्या बाजूला केबल बोटानं दाबून पाहिली, सेंटिमीटरभर ढील होती. तरी केबल चाकावरून पूर्ण काढून ठेवली. रेस १५५० च राहिली, म्हणजे केबल संशयातून सुटली. केबलची ढील इंजिन गरम असतानाच पाहावी. थंड गाडीत बरोबर लावलेली केबल इंजिन तापल्यावर ताणली जाऊ शकते.

आता हाताचा पंजा. थ्रॉटल बॉडीच्या तोंडावरचा हवेचा जाड रबरी पाइप काढला आणि इंजिन चालू असताना तोंडावर तळहात घट्ट दाबला. सगळी हवा थ्रॉटलमधूनच येत असेल तर इंजिन सेकंद-दोन सेकंदांत गुदमरून बंद पडायला हवं. बंद पडलं नाही. ९०० च्या आसपास धडधडत राहिलं. याचा अर्थ पाकळीच्या पुढे कुठेतरी दार उघडं आहे.

या चाचणीत एक फसगत आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या वाफेच्या पाइपावरची झडप, ती धडधाकट असली तरी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीतून, थोडी हवा ओढतेच. त्यामुळे पंजा लावल्यावरही इंजिन थोडा वेळ तग धरू शकतं. म्हणून पंजा लावण्याआधी पीसीव्हीचा पाइप दाबून बंद करायचा. आम्ही मुद्दाम आधी न दाबता पाहिलं, मग मॅनिफोल्डच्या टोकाशी दाबून. पाइप दाबून पंजा लावला की इंजिन लगेच मेलं. संशय एका पाइपावर आला.

दाबायची रीत अशी. जबड्याला कापड गुंडाळलेली पक्कड, एका वेळी एकच पाइप, दहा सेकंद, आणि डोळा मीटरवर. आधी ब्रेक बूस्टरचा जाड पाइप: फरक नाही. कॅनिस्टरचा, म्हणजे पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा, पाइप: फरक नाही. एसीचा आयडल-अप पाइप: फरक नाही. पीसीव्हीचा पाइप टॅपेट कव्हरच्या टोकाशी दाबला: फरक नाही. त्याच पाइपचं दुसरं टोक, मॅनिफोल्डजवळचं, दाबलं आणि मीटर १२.९ वरून १०.३ वर आला. म्हणजे १२३०. तीनशेवीस आरपीएम त्या वीतभर पाइपात अडकले होते. चांगल्या पीसीव्हीला दाबलं की पन्नासेक आरपीएम पडतात, ते ठीक असतं. इथे एका टोकाला काहीच नाही आणि दुसऱ्या टोकाला तीनशे, म्हणजे गळती दोन टोकांच्या मधोमध.

पाइप काढून हातात घेतला तर वरून काही दिसेना. काळा, तेलकट, जरा कडक. कोपऱ्याच्या वळणाची खालची बाजू अंगठ्यानं उघडली, तेव्हा चीर दिसली. दीड इंच लांब, कडा तेलानं भिजून चकचकीत, मधला भाग कोरडा आणि राखाडी. पाइप सरळ केला की ओठ मिटल्यासारखी बंद, वाकवला की उघडी. गाडीत तो कायम वाकलेलाच असतो.

खानदेशात हे पाइप लवकर जातात. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. त्यात गाडी उन्हात उभी, बॉनेटखाली इंजिनाची धग वेगळी. रबर वाळतं, वळणावर चिरतं. दहा वर्षांच्या पुढच्या गाडीत एक पाइप फाटला तर बाकीचेही त्याच वाटेवर आहेत असं धरून सगळे वाकवून पाहावेत. दुसरा शत्रू उंदीर. केळीच्या बागेतल्या शेडमध्ये किंवा मळ्यातल्या घरापुढे आठ-आठ दिवस उभी राहणारी गाडी असेल तर पाइपांवर दातांच्या बारीक खुणा शोधाव्यात. तिसरी जागा फारशी कुणी पाहत नाही. जुन्या गाडीला कधीकाळी गॅस किट बसवलं असेल आणि नंतर काढलं असेल, तर मॅनिफोल्डवर मारलेलं भोक एखाद्या रबरी टोपीनं बुजवलेलं असतं. ती टोपी फुटते. या झेनला किट नव्हतं, पण अशा टोप्या पाहण्यात आल्या आहेत.

नवा पाइप साध्या पाण्याच्या रबरी नळीचा तुकडा घेऊन करू नका. तेलाच्या वाफेनं साधं रबर फुगून मऊ होतं आणि व्हॅक्यूमनं आत चिकटून बंद होतं. क्रँककेसचा रस्ता बंद झाला की सीलमधून तेल बाहेर येतं, आणि मग लोक तेलगळतीचा वेगळा खर्च करतात. त्याच मापाचा, तयार वळण असलेला तेल-रोधक पाइप लावला, सोबत नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह. जुना व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळत नव्हता. चांगला खुळखुळतो. नवा बसवल्यावर मीटर १०.२, म्हणजे १२२० च्या जवळ.

इथे पुष्कळजण थांबतात. ग्राहक खूश असतो, रेस दिसण्याइतकी उतरलेली असते आणि उरलेली स्क्रूनं कमी करू असा विचार येतो. पण ३५० आरपीएम अजून कुठून तरी येत होते.

बाकी सांधे तपासायला झाडांवर पाणी मारायची स्प्रेची बाटली वापरली, साधं पाणी भरून. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर, इंजेक्टरच्या बुडाशी, थ्रॉटल बॉडीच्या पॅकिंगवर थोडं थोडं पाणी मारायचं. जिथे गळती असेल तिथे पाणी ओढलं जातं आणि रेस क्षणभर पडते. पुष्कळ ठिकाणी यासाठी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. काम होतं, पण तो पेट घेतो, आणि गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डशेजारी तो मारणं म्हणजे आग ओढवून घेणं. पाण्यानं तेच कळतं. मल्टिमीटरच्या आणि कॉइलच्या आसपास मात्र पाणी मारू नये. इथे कुठेच फरक पडला नाही. पुन्हा पंजा लावला, इंजिन सेकंदात बंद. आता उरलेली सगळी हवा थ्रॉटल बॉडीतूनच येतेय हे नक्की झालं.

व्हॅक्यूम गेज असेल तर लावावं, पण त्याच्यावर फार विसंबू नये. या झेनला सुरुवातीलाच गेज लावलं होतं तेव्हा काटा १९ इंचांवर स्थिर होता, जो निरोगी इंजिनाचा आकडा आहे. पाइप फाटलेला असतानाचा. रेस चढलेली असली की इंजिन जास्तीची हवा तेवढ्याच वेगानं ओढून घेतं, म्हणून गेज चांगलं दाखवतं. गेज व्हॉल्व्ह जळालेत का, टायमिंग सरकलंय का यासाठी उपयोगी आहे. चढलेल्या रेसमध्ये ते दिलासा देतं, आणि तो खोटा असू शकतो.

थ्रॉटल बॉडीत हवेला दोन वाटा आहेत. एक पाकळीच्या कडेनं, दुसरी आयडल व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून, जे पाकळीच्या अलीकडे भिंतीत असतं. ते भोक बोटानं झाकलं. १२२० चे ११९० झाले, इतकंच. म्हणजे आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच होता. हवा पाकळीच्या कडेनं येत होती.

तेव्हा टॉर्च घेऊन थ्रॉटलच्या लिव्हरचा थांबा-स्क्रू पाहिला. कंपनीतून हा स्क्रू बसवताना त्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात, कुणी फिरवला तर कळावं म्हणून. ठिपका मधोमध चिरलेला होता, आणि खालच्या नटाच्या वर दीड आटा चकचकीत दिसत होता, बाकी सगळे आटे मळलेले. कुणीतरी स्क्रू आत फिरवला होता.

का फिरवला असेल ते आत पाहिल्यावर समजलं. पाकळीच्या मागे, भिंतीवर, काळ्या कार्बनची नखाइतकी जाड कड. पीसीव्हीतून येणारी तेलाची वाफ आणि तापीकाठच्या काळ्या मातीची बारीक धूळ एकत्र बसली की असा थर होतो, आणि नांगरटीच्या नि कापूस वेचणीच्या दिवसांत तो लवकर होतो. विशेषतः एअर फिल्टरच्या डब्याची एखादी क्लिप तुटलेली असेल तर; या गाडीची तुटलेली होती. कार्बन चढला की आयडलला पुरेशी हवा मिळत नाही, एसी लावल्यावर गाडी बंद पडते. मग कुणीतरी पाकळी साफ करण्याऐवजी स्क्रू आत देऊन ती उघडी ठेवतो. गाडी चालते. पुढे एखाद्या सर्व्हिसिंगला थोडा कार्बन निघतो, किंवा पाइप फाटतो, आणि रेस वर जाते. स्क्रू ज्यानं फिरवला त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

स्क्रू फिरवण्याचा दुसरा तोटा जास्त वाईट. थ्रॉटल पोझिशन सेन्सर त्याच दांड्यावर बसतो. पाकळी बंद असताना तिथे साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास यायला हवं. इथे ०.९२ येत होतं. ईसीयूच्या दृष्टीनं चालकाचा पाय पेडलवर आहे. मग तो आयडल सांभाळायच्या भानगडीत पडत नाही. रेस दगडासारखी स्थिर राहिली त्याचं कारण हेच. सुरुवातीचं कोडं इथे सुटलं.

थ्रॉटल बॉडी उतरवली. चार बोल्ट, दोन कूलंटचे पाइप. पाइप काढण्याआधी रेडिएटर थंड होऊ द्यायचा आणि तोंडं वर बांधायची. सफाईला थ्रॉटल क्लीनर आणि मऊ सुती कापड. पॉलिश पेपर, ब्लेड, तारेचा ब्रश काही नाही. काही थ्रॉटल बॉडीत पाकळीच्या कडेला कंपनीनं बारीक थर दिलेला असतो, तो घासून काढला की पाकळी कधीच नीट मिटत नाही आणि रेस कायमची वर राहते. दांड्याच्या बुशात क्लीनर जोरानं मारू नये, आतलं ग्रीस धुऊन निघतं. पाकळी धरून वर-खाली हलवून पाहावी. दांडा डगडगत असेल तर कडेनं हवा येतच राहणार, त्या वेळी दुसरी थ्रॉटल बॉडी शोधावी लागते. इथे दांडा घट्ट होता.

आयडल व्हॉल्व्ह दोन स्क्रूवर बसतो. उतरवताना ओ-रिंग तुटते, म्हणून नवी आधीच आणून ठेवावी. टोकाची सुई कार्बननं काळी झालेली, तिची बैठकही. सुईवर क्लीनर मारताना व्हॉल्व्ह सुई खाली करून धरायचा, म्हणजे द्रव मोटरीच्या वाइंडिंगमध्ये जात नाही. सुई बोटानं आत ढकलायची नाही की पकडीनं ओढायची नाही. स्टेपर मोटरीचे दाते घसरतात. बॅटरीच्या १२ व्होल्टला थेट लावून "चालतो का" पाहणं तर अजिबात नको. ओहममीटरनं दोन्ही वाइंडिंग मोजायची, दोन्ही जवळपास सारखी हवीत. सारखी आली.

थांबा-स्क्रू परत बसवताना हे केलं. नट सैल करून स्क्रू इतका मागे घेतला की लिव्हरला टेकेना. पाकळी भिंतीला टेकून पूर्ण मिटली. मग हलकेच आत फिरवत लिव्हरला टेकल्याक्षणी थांबलो. लिव्हर आणि स्क्रूमध्ये कागदाची पट्टी ठेवली की ती ओढताना अडल्याचा हा क्षण बरोबर कळतो. त्यापुढे आणखी पाव आटा. तेवढा द्यावाच लागतो, नाहीतर पाकळी भिंतीत रुतते आणि पेडल सकाळी पहिल्यांदा दाबताना कचकन सुटतं. नट आवळला, पुन्हा पट्टी घातली, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. पोझिशन सेन्सरवर आता ०.५८ व्होल्ट. पाकळी हातानं सावकाश उघडली, आकडा कुठेही न तुटता चारच्या वर गेला. नवं पॅकिंग, चारही बोल्ट तिरपे-तिरपे आवळले.

कंपनीनं बांधलेला स्क्रू कधीच फिरवू नये, हे खरंच आहे. पण कुणी आधीच फिरवला असेल तर त्याला मूळ जागी आणण्याचा हाच रस्ता आहे, आणि तो आयडलचा आकडा बघून ठरवायचा नाही. आकडा बघून स्क्रू फिरवला की पुन्हा तीच लपवाछपवी.

ईसीयूला नवी परिस्थिती शिकवावी लागते. बॅटरीची निगेटिव्ह पाच मिनिटं काढून ठेवली, परत लावली. किल्ली ऑनवर दहा सेकंद, मग पेडलला न शिवता स्टार्ट. पंखा दोनदा लागेपर्यंत काहीही चालू न करता तशीच ठेवली, नंतर पाच मिनिटं एसी लावून. पहिली दोन-तीन मिनिटं रेस हजाराच्या वर गेली, मग सावकाश उतरत ७.२ हर्ट्झवर, म्हणजे ८६० वर थांबली. एसी लावल्यावर ९८०. एसी लावताना क्षणभर खाली गेली आणि सावरली, जसं व्हायला हवं तसं. गाडी संध्याकाळी सावद्याला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "भाऊ, घरून निघालो तेव्हा ठीक, पण भुसावळच्या सिग्नलवर पुन्हा चढलेली. उभी केली की पाच-दहा मिनिटांनी उतरते." हे वर्णन नीट ऐकलं तर त्यातच उत्तर आहे. चालत्या गाडीत चढलेली, उभ्या गाडीत उतरणारी. पुढून वारा लागतो तोवर इंजिन तापतच नाही.

गाडी जळगावात पोचली तशी, इंजिन बंद करून, तापमान सेन्सरचा कनेक्टर काढून सेन्सर मोजला. ६२० ओहम. या सेन्सरचा रोध तापल्यावर कमी होतो: २० अंशांना अडीच हजारांच्या आसपास, ४० ला अकराशे, ६० ला सहाशेच्या थोडं खाली, ८० ला तीनशेच्या जवळ. ६२० म्हणजे साठच्याही खाली. तासभर हायवेवर धावलेल्या इंजिनाचं पाणी ६० अंशांखाली असणं शक्य नाही, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर. त्याचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच.

उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि तिच्यामागची भीती खोटी नाही. मे महिन्यात रावेर रस्त्यावर एसी लावून, चार माणसं बसवून गाडी चालवली की काटा चढतोच. पण त्याचं मूळ बहुधा रेडिएटरमध्ये असतं. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत पांढरा खर साचतो, पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट काढल्यानं खर जात नाही. थंडीत मात्र इंजिन कायम अर्धंकच्चं राहतं. ईसीयूला वाटतं इंजिन गार आहे, तो आयडल व्हॉल्व्ह उघडा ठेवतो, पेट्रोल जास्त देतो. रेस चढते, ॲव्हरेज पडतं, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पेट्रोलानं धुतलं जातं. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा १६५०, आणि उभी राहून तापल्यावर १५५०, हा शंभराचा फरक तेव्हाच सांगत होता. तो आम्ही "थंड गाडी" म्हणून सोडून दिला, तिथे चूक झाली.

नव्या थर्मोस्टॅटवर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, याच्यावर ८२ होतं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्यानं टांगून, बुडाला टेकू न देता, थर्मामीटर ठेवून तापवला. ८३ ला हलू लागला, पाणी उकळायला आलं तेव्हा आठेक मिलिमीटर उघडला. टिकलीचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवून बसवायचा, तिथून हवा निघते. रेडिएटर उतरवून दुकानात नळ्या साफ करून घेतल्या. मग कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं. भरताना हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, पंखा लागेपर्यंत बुडबुडे काढत राहायचं. इथे घाई केली तर हवेचा गोळा अडकतो. काही गाड्यांच्या थ्रॉटल बॉडीत कूलंटच्या उष्णतेवर मिटणारा मेणाचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पाइपात हवा अडकली की मेण तापत नाही, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि सगळं नवीन बसवूनही रेस चढलेली. अशा वेळी थ्रॉटलला जाणारे दोन्ही बारीक पाइप हातानं चाचपावेत, दोन्ही गरम हवेत.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत, मारुती ८०० असो वा पद्मिनी, तत्त्व तेच, जागा वेगळ्या. आधी चोक पूर्ण परत जातोय का, चोकची केबल मोडून अडकलीय का. मग कार्बोरेटरखालचा इन्सुलेटरचा ठोकळा, जो उष्णतेनं वाकतो आणि कडेनं हवा घेतो. थ्रॉटलच्या दांड्याचं भोक झिजलेलं असेल तर स्लो स्क्रू कितीही मागे घ्या, आयडल एका जागी बसत नाही. डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग पुढे नेलं असेल तरीही रेस चढते. तेव्हा आधी टायमिंग लाइटनं टायमिंग, नंतर स्क्रू.

ब्रेक बूस्टरची तपासणी प्रत्येक गाडीत करावी, रेसशी संबंध नसला तरी. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबायचा, दाबून धरायचा आणि स्टार्ट करायचा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर ठीक. पायाशी "सूऽऽ" असा आवाज येत असेल तर पडदा फाटलाय. तिथून रेसही चढते आणि ब्रेकही कमी होतो, त्यामुळे ते काम त्याच दिवशी व्हायला हवं.

झेन तिसऱ्या दिवशी, जळगावहून भुसावळ आणि परत, पन्नासेक किलोमीटर चालवून पाहिली. परत आल्याबरोबर, पंखा लागण्याची वाट न बघता, सेन्सर ३१० ओहम, आयडल ७.१ हर्ट्झ. एअर फिल्टरच्या डब्याला नवी क्लिप. थांबा-स्क्रूच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ताजा ठिपका, आणि बॉनेटच्या आत चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तारीख, किलोमीटर, ८६० आणि ०.५८.